नदीचा काठ : कुणाचे घर?



१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ जगभरातील ख्रिस्ती मंडळी सृष्टीसाठी विशेष प्रार्थना करण्यासाठी राखून ठेवतात. शेवटच्या दिवशी असिसीच्या संत फ्रान्सिस यांचा सण येतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. या निमित्ताने आजच्या अभ्यासपाठासाठी आम्ही आपल्या पुण्यातून वाहणारी मुळा-मुठा निवडली आहे. सुरुवात मात्र आमच्याच एका चुकीच्या कबुलीने करावी लागत आहे.

१. आमची चूक

काही वर्षांपूर्वी, अशाच सप्टेंबर महिन्यात, त्या वेळच्या धर्मग्रामातील तरुणांना घेऊन आम्ही नदीकाठी स्वच्छता मोहीम काढली होती. सकाळची मिस्सा आटोपली, हातमोजे वाटले आणि सगळे कामाला लागले. दुपारपर्यंत प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, चिंध्या आणि बाटल्यांनी गोण्यांमागून गोण्या भरल्या. काम चांगले झाले होते आणि उत्साहही वाढला होता. तेव्हा कोणीतरी म्हणाले, "फादर, हे गवतही काढून टाकू या, म्हणजे काठ कसा मोकळा दिसेल." पाण्यालगत पाणकणसाचे दाट बेट होते. हाताशी कोयते होते. आम्ही होकार दिला. तासाभरात काठ मोकळा झाला. आम्ही फोटो काढले, आणि ते धर्मग्रामाच्या पत्रकात छापूनही आले.

जवळच एक भोई आजोबा जाळे सांधत बसले होते. निघताना त्यांनी आम्हाला हाक मारली आणि म्हणाले, "फादर, कचरा नेलात ते बरं केलंत. पण पाणकोंबडीचं घरपण नेलंत की हो." त्यांनी कापलेल्या पाणकणसाचा ढीग बाजूला सारून दाखवला. आत गवताचे पसरट घरटे होते आणि त्यात तांबूस ठिपक्यांची अंडी. दोन फुटलेली होती.

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. वस्तू म्हणजे काय, तिचा स्वभाव कशात असतो, यावर पानेच्या पाने लिहून परीक्षा दिल्या. परंतु डोळ्यांसमोरचे गवत म्हणजे काय, हे त्या जाळे विणणाऱ्या आजोबांनी आम्हाला शिकवले. आम्ही ज्याला घाण समजत होतो, ते कुणाचे तरी घर होते.

या चुकीतून आम्ही जे शिकलो तेच या पाठात सांगायचे आहे. नदीवरचा कचरा उचलणे ही एक गोष्ट आहे आणि नदीच्या काठावरचे जीवन परत आणणे ही दुसरी. पहिल्या कामाला एक रविवार पुरतो. दुसऱ्याला डोळे उघडे ठेवून पाहण्याची सवय लागते, आणि कित्येकदा हात आवरून धरावा लागतो.

२. आपली नदी कोण?

हेराक्लिटस नावाचा एक प्राचीन ग्रीक विचारवंत होता. एकाच नदीत माणसाला दोनदा पाऊल टाकता येत नाही, असे त्याचे मत सांगितले जाते. कारण पहिले पाणी पुढे निघून गेलेले असते. सेमिनरीतील आमचा एक सोबती त्यावर म्हणायचा, "आपल्या मुळा-मुठेत तर एकदाही पाऊल टाकवत नाही!" तेव्हा आम्ही हसलो होतो. आज ते हसू ओठांवर येत नाही.

मुठा सह्याद्रीतून येते. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांतून ती आणि तिच्या सोबतिणी पुण्यात उतरतात. मुळा मुळशीकडून येते आणि वाटेत दापोडीजवळ पवनेला सोबत घेते. संगमावर मुळा आणि मुठा एकत्र होतात. पुढे येरवडा, मुंढवा, मांजरी असे करीत मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमेचे पाणी उजनी धरणात साठते आणि त्याच धरणातून सोलापूर शहराला पिण्याचे पाणी जाते. म्हणजे आपल्या मोरीतून निघालेले पाणी कुठेतरी नाहीसे होत नाही. ते खालच्या गावच्या भावाबहिणींच्या घरी पोहोचते.

ही नदी पूर्वी कशी होती याची एक साक्ष विज्ञानाच्या पुस्तकांत आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचा अभ्यास केला. १८३९ मध्ये त्याने महसीर जातीच्या एका मोठ्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो मासा त्याला पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेतच मिळाला होता. इथले कोळी-भोई त्या माशाला ज्या नावाने ओळखत, तेच मराठी नाव साइक्सने शास्त्रीय नावात घातले. आजही जगभरचे शास्त्रज्ञ त्याला 'टोर खुद्री' म्हणतात. आपल्या नदीने जगाला एका माशाचे नाव दिले! परंतु महसीरला स्वच्छ, प्राणवायूने भरलेले, दगडगोट्यांतून खळाळणारे पाणी लागते. आज शहरातल्या पात्रात तो शोधून सापडणार नाही. तिथे आता बाहेरून आणलेली, घाण पाणीही सोसणारी चिलापी वाढते.

३. काठ म्हणजे काय?

आपण नदी म्हटले की पाणी डोळ्यांपुढे आणतो. पण नदी म्हणजे नुसते पाणी नव्हे. पाणी, तळ, काठ आणि पुराच्या वेळी जिथे पाणी पसरते ती जमीन, हे सर्व मिळून नदी होते. पाण्यापासून वर चढत गेलो तर काय दिसते ते पाहू या.

पात्रात कुठे डोह असतो, कुठे उथळ खळाळ. खळाळात पाणी दगडांवर आपटते आणि हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो. डोहात मासे उन्हाळा काढतात. कडेला पाणकणीस आणि लव्हाळी असते. ती वाहत्या पाण्याचा वेग कमी करते, त्यामुळे गाळ खाली बसतो. तिच्या मुळांवर असंख्य सूक्ष्म जीव राहतात. ते पाण्यातील घाण खाऊन ती मोडतात. माशांची पिले याच दाटीत लपतात आणि पाणकोंबडी घरटे करते. त्याच्या वर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ ही काठाची झाडे. त्यांच्या मुळ्या माती धरून ठेवतात, सावली पाणी थंड ठेवते, आणि थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो. त्याहून वर पूरमैदान. पुराचे पाणी तिथे पसरते, जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यात हळूहळू नदीला परत मिळते.

प्रत्येक जीवाचा पत्ता वेगळा असतो. खंड्या मातीच्या उभ्या काठात बीळ खणून त्यात अंडी घालतो. नदी सुरय हा पक्षी पात्रातल्या उघड्या वाळूच्या बेटावर अंडी घालतो. बगळे उंच झाडांवर वसाहत करतात. हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणारे चक्रवाक पुण्याच्या खाली, सोलापूर रस्त्यालगतच्या कवडी पाटजवळ उथळ पाण्यात उतरतात. आता कल्पना करा की काठाला सिमेंटची भिंत घातली. भिंत स्वच्छ दिसेल, पण खंड्याने बीळ कुठे खणायचे? त्याला कोणी हाकलले नाही, तरी तो बेघर झाला.

४. तीन वेगळी कामे

नदीसाठी केल्या जाणाऱ्या कामांत आपण तीन प्रकार ओळखायला शिकले पाहिजे.

पहिले काम घाण थांबवण्याचे. सांडपाणी प्रक्रिया न होता नदीत येत राहिले, तर काठावर कितीही झाडे लावली तरी पाणी जगणार नाही. यासाठी २०१६ मध्ये जपानच्या कर्जसाहाय्याने पुण्यासाठी ९९० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. तीत ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे ठरली. काम ठरलेल्या मुदतीपेक्षा बरेच लांबले. हे काम दिसत नाही, त्याचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून त्याची आठवण नागरिकांनीच करून द्यावी लागते.

दुसरे काम सुशोभनाचे: घाट, पायवाटा, बागा, दिवे. यात वाईट असे काही नाही. माणसालाही नदीकाठी बसावेसे वाटते. पण याला नदी वाचवणे म्हणता येत नाही.

तिसरे काम म्हणजे नदीला तिचे अंग परत देणे. काठ मातीचा ठेवणे, देशी झाडझाडोरा वाढू देणे, पुराला पसरायला जागा सोडणे. हे काम सर्वांत स्वस्त असते आणि तरी सर्वांत अवघड, कारण शहरातल्या रिकाम्या जागेवर प्रत्येकाचा डोळा असतो.

हे तिसरे काम फक्त पक्ष्यांसाठी आहे असे कोणी समजू नये. आपल्या राज्यात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदीने जणू आपल्या घराची हद्द सांगितलेली असते. ती आपण विसरलो तरी नदी विसरत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तो दिवस आपल्यातील वृद्धांना अजून आठवतो. ती धरणाची दुर्घटना होती. पण २५ जुलै २०२४ रोजी धरण फुटले नव्हते. जोरदार पाऊस झाला, खडकवासल्यातून पाणी सोडले गेले, आणि सिंहगड रस्त्याजवळच्या वसाहतींत ते शिरले. लोकांना बाहेर काढायला सैन्यदलाला यावे लागले. ज्यांच्या घरांत पाणी शिरले त्यांना दोष देऊ नये. त्यांनी आयुष्याची पुंजी घालून ती घरे घेतली होती. काठाची जागा गिळली जाते तेव्हा शिक्षा बहुधा गिळणाऱ्याला होत नाही, शेवटी येऊन राहणाऱ्याला होते.

मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या विकासाचा प्रकल्प सध्या चर्चेत आहे. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. लोकांना नदीपर्यंत पोहोचता येईल, अतिक्रमणे थांबतील आणि पूर आटोक्यात राहील, असे त्याचे समर्थक सांगतात. जुनी झाडे जातील, पात्र आवळले जाईल आणि नैसर्गिक काठ नष्ट होईल, असे विरोध करणारे सांगतात. या पत्रकातून कोणाच्या बाजूने मत द्या असे आम्ही सांगणार नाही. परंतु कुठल्याही नदी प्रकल्पाबाबत तीन प्रश्न विचारणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. काठाचा किती भाग मातीचा राहणार? पुराचे पाणी कुठे पसरणार? आणि आज तिथे जे जीव राहतात, ते उद्या कुठे राहणार?

दुसरीकडे हे जमले आहे का? होय. जर्मनीतील म्युनिक शहरात इझार नदी सरळ, बांधीव कालव्यासारखी करून टाकली होती. २००० ते २०११ या काळात त्या शहराने सुमारे ८ किलोमीटर पात्र पुन्हा रुंद केले, काठाचे काँक्रीट काढले आणि नदीला गोट्यांची बेटे तयार करू दिली. त्यामुळे पुराला जागा मिळाली, माशांना खळाळ मिळाले, आणि लोकही उन्हाळ्यात त्या काठी येऊन बसतात. आपली नदी पावसाळ्यात धावणारी आणि उन्हाळ्यात रोडावणारी आहे, त्यामुळे तिथली पद्धत जशीच्या तशी इथे चालणार नाही. पण बांधलेला काठ पुन्हा मोकळा करता येतो, एवढे त्यावरून कळते.

५. चांगला हेतू पुरेसा नाही

आमच्या पाणकोंबडीच्या घरट्यासारखीच, पण फार मोठी, एक गोष्ट महसीरबाबत घडली. लोणावळ्याला महसीरच्या पैदाशीचे केंद्र आहे. घटत्या माशाला आधार देण्याचे ते मोलाचे काम. पण आपल्याकडचा हा मासा दक्षिणेत कावेरी नदीतही सोडला गेला. त्या नदीचा स्वतःचा, कुबड असलेला महसीर होता. पाहुणा वाढला आणि मूळचा रहिवासी मागे पडला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांचाही त्यात हात आहेच. २०१८ मध्ये कावेरीच्या त्या माशाची नोंद नामशेष होण्याच्या अगदी जवळ पोहोचलेल्या जीवांत झाली.

मासा चांगला, हेतू चांगला, पण जागा चुकली. काठावर गुलमोहर आणि सुबाभूळ लावणाऱ्यांनी, आणि त्यांत आम्हीही आलो, हे लक्षात ठेवावे. आधी त्या जागेचे मूळ रहिवासी कोण, हे विचारावे.

६. पवित्र शास्त्राचा प्रकाश

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो आणि दोन कामे देतो. मूळ हिब्रू भाषेत पहिल्या कामाच्या शब्दात मशागत आणि सेवा असे दोन्ही अर्थ आहेत. दुसऱ्या शब्दाचा अर्थ राखणे, पहारा करणे. पहिले काम आपल्याला आवडते, कारण त्यात काहीतरी केल्याचे दिसते. दुसऱ्यात कधीकधी काहीच न करता नुसते जागे राहायचे असते. आम्ही त्या दिवशी मशागत केली, राखण विसरलो.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि मादी पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलांसह आईला धरून नेऊ नये. एवढ्या मोठ्या नियमशास्त्रात एका घरट्यासाठी जागा आहे! हा उतारा आम्ही कितीतरी वेळा वाचला होता. त्याचा अर्थ त्या ढिगापाशी उभे राहिल्यावर कळला.

यहेज्केल संदेष्ट्याला मंदिरातून निघालेल्या नदीचे दर्शन होते. ती जिथे जाते तिथे जीवन येते. दोन्ही काठांवर झाडे आहेत, पुष्कळ मासे आहेत, आणि कोळी जाळी वाळत घालतात. पण त्याच दर्शनात एक गोष्ट आपण वाचता वाचता सोडून देतो. नदी सगळे गोड करीत असताना दलदली आणि पाणथळ जागा मात्र मिठासाठी तशाच ठेवल्या जातात. नव्या सृष्टीच्या चित्रातही चिखलाच्या जागेला चिखल राहू दिले आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी प्रश्न विचारला होता: देवाने इतके नाना प्रकारचे जीव का निर्माण केले? त्यांचे उत्तर असे की देवाचा चांगुलपणा कुठल्याही एका जीवात मावत नाही. एकात जे उणे राहते ते दुसऱ्यात प्रकट होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हाच विचार पुन्हा आठवून दिला. म्हणजे खंड्या गेला, पाणकोंबडी गेली, खुद्री मासा गेला, तर देवाविषयीचे काहीतरी आपल्याला कायमचे वाचता येणार नाही.

७. आपण काय करावे?

दुसऱ्यांच्या सणांकडे बोट दाखवणे सोपे असते. आपण आधी आपल्याकडे पाहू या. अंत्यविधीचे प्लास्टिकच्या वेष्टनातले पुष्पचक्र, नाताळच्या गव्हाणीतला थर्माकोल, सणाच्या जेवणाच्या एकदा वापरायच्या ताटल्या, हे सर्व कुठे जाते? यंदापासून आपल्या चर्चच्या कार्यक्रमांत थर्माकोल नको, ही आमची कळकळीची विनंती आहे.

घरात : तळणाचे उरलेले तेल, रंग आणि जुनी औषधे मोरीत ओतू नयेत. कपडे आणि भांड्यांसाठी साबणाची पूड मोजून वापरावी.

काठावर : कचरा हाताने वेचावा. पाणकणीस, गवत आणि झुडपे कापू नयेत, आणि पावसाळ्यात, जेव्हा अनेक पाणपक्षी अंडी घालतात, तेव्हा दाट झाडोऱ्यात शिरूही नये. जलपर्णीची गोष्ट वेगळी. ती बाहेरून आलेली आहे, पाणी झाकून टाकते आणि ती काढणे योग्यच आहे. पण कोणते काढायचे आणि कोणते ठेवायचे हे जाणकाराला विचारूनच. विठ्ठलवाडी आणि औंध येथे 'जीवितनदी' या संस्थेचे स्वयंसेवक काठाचा एकेक टप्पा दत्तक घेऊन सांभाळत आले आहेत. त्यांच्यासारख्यांकडून शिकण्यात कमीपणा नाही.

शहरात : काठावर राडारोडा टाकणारे ट्रक दिसले तर महापालिकेकडे तक्रार नोंदवावी. एकट्याने भीती वाटत असेल तर धर्मग्रामाच्या कार्यालयात कळवावे, पत्र आपण सर्व मिळून लिहू.

आणि एक नवा संकल्प. येत्या वर्षभर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आम्ही नदीच्या एकाच ठरलेल्या टप्प्यावर जाणार आहोत. कोयता न्यायचा नाही, एक वही न्यायची. कोणता पक्षी दिसला, पाण्याचा रंग काय होता, कोणते झाड फुलले, एवढेच लिहायचे. वर्षाच्या शेवटी ती वही आपल्या सर्वांसमोर वाचू. मगच काय करायचे ते ठरवू. तरुणांनी यावेच, पण आजी-आजोबांनीही यावे. नदी पूर्वी कशी होती हे आमच्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे.

त्या भोई आजोबांची आणि आमची पुन्हा भेट झाली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही मुद्दाम त्या जागी गेलो होतो. पाणकणीस पुन्हा कमरेएवढे वाढले होते. पाणकोंबडी दिसली नाही. पण आतून आवाज आला, आणि आम्ही तिथूनच मागे फिरलो.

गणनेच्या पुस्तकात याजकांनी लोकांना द्यावयाचा एक आशीर्वाद आहे. त्यात परमेश्वराने आपल्याला राखावे अशी प्रार्थना आहे. 'राखणे' हा शब्द तोच, जो एदेन बागेत माणसाला सोपवलेल्या कामासाठी आला आहे. जो आपल्याला राखतो, त्याने हा काठ आपल्याकडे राखायला दिला आहे. तो परमेश्वर आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

लघु ख्रिस्ती समूहांत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातून निघणारे सांडपाणी कुठे जाते? शेजाऱ्यांना विचारून शोधून काढा.
२. चांगल्या हेतूने केलेल्या कामातून कोणाचे नुकसान झाले, असा आपला काही अनुभव आहे का? त्यातून आपण काय शिकलो?
३. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना लहानपणीच्या नदीबद्दल विचारा. त्यांनी पाहिलेले आणि आज नसलेले एक झाड, एक मासा आणि एक पक्षी लिहून आणा.